कैसराचा अधिकार कोठवर?

शास्त्रपाठ : लूक ३:१०–१४, मत्तय २२:१५–२२, रोमकरांस पत्र १२:१४ ते १३:१०.
पाठ करावयाचे वचन : प्रेषितांची कृत्ये ५:२९.

रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय मंडळीत वाचला म्हणजे कोणी ना कोणी विचारितोच की, सर्व अधिकार जर देवाने नेमिलेले आहेत, तर सरकार जे जे सांगेल ते ते करावे काय? त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो : प्रभूने पेत्रास तलवार म्यानात घालावयास सांगितले, मग ख्रिस्ती तरुणाने पलटणीत नाव घालावे काय? हे प्रश्न आजचे नाहीत. ज्यांनी प्राण देऊन त्यांचे उत्तर दिले अशांपैकी एकाची हकीकत प्रथम सांगतो, म्हणजे शास्त्रभाग समजावयास सोपे जातील.

आफ्रिका खंडाच्या उत्तरेस, आज ज्यास अल्जीरिया म्हणतात त्या देशात, तेबेसा नावाचे नगर आहे. इ. स. २९५ च्या मार्च महिन्याच्या १२ व्या तारखेस तेथे रोमी प्रांताधिपति दिओन याजपुढे मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणास उभे केले. त्याचे वय २१ वर्षे ३ महिने १८ दिवस होते. त्याचा बाप फाबियस व्हिक्टर याजकडे लष्करास माणूस पुरविण्याच्या कामाचा भार होता, आणि आता त्याच्याच मुलाची भरती व्हावयाची होती. उंची मोजण्यास नेले तेव्हा तरुणाने सांगितले की, आपण ख्रिस्ती असल्यामुळे आपणास शिपाईगिरी करिता येत नाही. तरी त्यास मोजले. रोमी मापाने उंची ५ फूट १० इंच भरली. मग शिपायाच्या गळ्यात असावयाचा शिशाचा बिल्ला त्यास घालू लागले. तो त्याने नाकारिला. ख्रिस्ताचा शिक्का आपणावर अगोदरच झाला आहे, असे त्याचे म्हणणे पडले.

दिओन हा क्रूर मनुष्य दिसत नाही. त्याने तरुणास समजाविले, बापासही बोध करावयास सांगितले. बापाने उत्तर केले की, मुलगा आपले मन जाणतो आणि त्याचे हित कशात आहे हे त्याचे त्यास ठाऊक आहे. तेव्हा दिओनने सबळ मुद्दा काढिला. खुद्द बादशहांच्या अंगरक्षकांत ख्रिस्ती शिपाई आहेत व ते चाकरी करितात, मग ह्यासच अडचण का? मॅक्सिमिलियनने त्या शिपायांस दोष दिला नाही. त्यांस काय योग्य ते ते जाणोत; आपण ख्रिस्ती आहो आणि आपल्या हातून वाईट होणे शक्य नाही, इतकेच तो बोलला. शिक्षा शिरच्छेदाची झाली. वधस्थानी जाताना त्याने बापास विनविले की, भरतीसाठी करविलेला नवा पोशाख ह्या मारेकऱ्यास द्यावा. पोंपेयाना नावाच्या एका बाईने त्याचे प्रेत मागून घेऊन कार्थेज नगरी सिप्रियन रक्तसाक्षीच्या कबरेजवळ पुरविले. बाप देवाची स्तुति करीत घरी गेला. हा शेवटचा भाग वाचताना प्रत्येक बापाचे मन थबकेल.

तर त्या काळच्या मंडळीत दोन्ही प्रकारचे लोक होते हे ध्यानात आणावे. कार्थेजचाच तर्तुलियन सन २०० च्या अगोदर एका ग्रंथात अभिमानाने सांगतो की ख्रिस्ती लोक छावण्यांतही आहेत; तोच पुढे शिपाईगिरी ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही असे प्रतिपादन करितो. त्यात दोन कारणे गुंतलेली होती : एक मनुष्यवध, आणि दुसरे छावणीतील शपथा व मूर्तींपुढील यज्ञ. ह्यांपैकी एकच खरे कारण होते असे जे कोणी म्हणतात, ते मला अर्धे वाचणारे वाटतात. केल्सस नावाच्या विरोधकाने टोमणा मारिला होता की, सर्व लोक ख्रिस्त्यांसारखे वागू लागले तर बादशहा एकटा पडेल. ओरिगेनने सन २४८ च्या सुमारास त्यास उत्तर लिहिले. त्याचा आशय असा की, तुमच्या पुजाऱ्यांचे हात रक्ताने विटाळू नयेत म्हणून तुम्ही त्यांस लढाईस पाठवीत नाही. तसे आम्हीही प्रार्थनेने राज्याचे साह्य करितो.

आता लूक ३:१४ पाहा. यार्देनेच्या तीरी शिपाई योहानास विचारितात, आम्ही काय करावे? योहान त्यांस तीन गोष्टी सांगतो : जुलमाने कोणापासून काही घेऊ नका, कोणावर खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात तृप्त असा. पहिल्या गोष्टीसाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ गदागदा हलविणे असा आहे. बोरीचे झाड हलवून बोरे पाडितात, तसे गरिबास हलवून त्याचे पैसे पाडावे, हे ते पाप. हातात काठी व अंगावर सरकारी पोशाख आला की हा मोह येतो, हे खेड्यातील माणसास निराळे सांगावयास नको. योहानाने चाकरी सोडा असे म्हटले नाही. पण त्यावरून त्याने प्रत्येक लढाईस संमति दिली असेही ठरत नाही. कर्नेल्य शतपतीविषयी तेच. बाप्तिस्म्यानंतर त्याने तलवार ठेविली की धरिली, ह्याविषयी शास्त्र मुके आहे, आणि जेथे शास्त्र मुके आहे तेथे आपण त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत.

रोमकरांस पत्र वाचताना लोक बहुधा १३ व्या अध्यायाच्या पहिल्या ओवीपासून आरंभ करितात. ही चूक आहे. पौलाने अध्याय पाडिले नव्हते. १२:१९ त तो सांगतो की स्वतः सूड घेऊ नका, तो देवाच्या क्रोधावर सोपवा. आणि लगेच १३:४ त सांगतो की अधिकारी हा दुष्टास दंड करणारा देवाचा सेवक आहे. म्हणजे भाऊबंदकीच्या भांडणात कुऱ्हाड उचलण्याची मोकळीक कोणास नाही. पण ‘सेवक’ ह्या शब्दाने अधिकाऱ्याचीही मर्यादा ठरते. सेवक धन्याच्या आज्ञेविरुद्ध हुकूम करू लागला तर तेथे धन्याचेच ऐकावे लागते. प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायात तीच राजसत्ता स्वतःस नमन करवू लागते, तेव्हा ती श्वापद म्हटली आहे. प्रभूनेही नाणे हाती घेऊन त्यावर कोणाची मूर्ति हे विचारिले. नाण्यावर कैसराची मूर्ति, म्हणून कर द्यावा. मनुष्यावर कोणाची? उत्पत्ति १:२७ वाचावे.

पुढे बादशहाच ख्रिस्ती झाला, आणि परीक्षा पालटली. सन ४१६ च्या सुमारास असा कायदा झाला की मूर्तिपूजकांस सरकारी चाकरी व अधिकारपद देऊ नये. मॅक्सिमिलियनास मरून सुमारे एकशेवीस वर्षे झाली होती! ह्या दोहोंच्या मधल्या काळात, सन ३९० त, थेस्सलनीका येथे जमावाने एका सेनापतीस ठार केले, म्हणून थिओदोसियस बादशहाच्या हुकुमाने नगरवासीयांची कत्तल झाली. थिओदोरेत इतिहासकार मृतांचा आकडा ७,००० देतो. मिलान येथील बिशप अंब्रोज ह्याने बादशहास पत्र लिहून कळविले की पश्चात्तापावाचून त्यास प्रभुभोजन मिळणार नाही. बादशहाने मंडळीसमोर पश्चात्ताप केला. हा प्रसंग आपण आनंदाने सांगतो. परंतु दोनच वर्षांपूर्वी ख्रिस्ती लोकांनी यहूद्यांचे एक सभास्थान जाळिले असता, त्याची भरपाई मंडळीकडून करवू नये म्हणून ह्याच अंब्रोजने बादशहाचे मन वळविले होते. हेही वर्गात सांगावे, लपवू नये. सत्ता आपल्या बाजूस असते तेव्हा अन्याय ओळखणे कठीण जाते.

आपल्या देशात लष्करात सक्तीची भरती नाही. जो जातो तो आपखुशीने जातो, बहुधा घरची गरिबी पाहून. अशा तरुणास मंडळीने भित्रा किंवा पापी म्हणू नये, आणि जो विवेकबुद्धीमुळे जात नाही त्यासही देशद्रोही म्हणू नये. उपदेशकाने जाणाऱ्याच्या घरी जाऊन लूक ३:१४ त्याजबरोबर वाचावे, अधर्माचा हुकूम झाल्यास काय करशील हे आधीच विचारावे, आणि दर रविवारी त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. शत्रूकडील आईबापांसाठीही त्याच प्रार्थनेत जागा असावी.

वर्गात विचारावयाचे प्रश्न : योहानाने शिपायांस सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी आपल्या गावी कोणती अधिक मोडली जाते? मॅक्सिमिलियनने हुकूम नाकारिला, पण शिक्षा चुकविली नाही. ह्यात रोमकर १३ पाळिले गेले की मोडिले गेले? नवा पोशाख मारेकऱ्यास का दिला? पुढील पाठासाठी दानीएल ६ वाचून यावे.