बालकांची नेत्रतपासणी : पालक आणि शाळेची जबाबदारी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलाला शिकवायचे तर त्याच्या राहण्या-जेवण्याचीही काळजी समाजाने वाहिली पाहिजे, हे त्या उपक्रमाने दाखवून दिले. या काळजीत मुलांच्या डोळ्यांचाही समावेश व्हावा, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

लहान मूल ‘मला दिसत नाही’ अशी तक्रार क्वचितच करते. पहिल्यापासून अंधुक दिसत असेल, तर सर्वांनाच तसे दिसते अशी त्याची समजूत असते. फळ्यावरील अक्षरे न दिसल्याने वहीत चुका होतात आणि आपण शिक्षक त्याला ‘मठ्ठ’ ठरवून मोकळे होतो. माझ्याही हातून हे घडले आहे. मागच्या बाकावरील एक मुलगी मला वर्षभर आळशी वाटत असे; तिला चष्मा लागला तेव्हा दोष कोणाचा होता ते कळले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या बुद्धिहीन म्हणून हिणविले गेले, त्याच्या लेकरावर पुन्हा तोच शिक्का बसणे हा दुहेरी अन्याय होय.

पाहण्याची क्रिया डोळ्यांइतकीच मेंदूतही घडते. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच अधिक असेल, किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा स्वीकारणे हळूहळू थांबवितो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याने चांगला डोळा रोज काही तास झाकून, ही दृष्टी बहुधा सुधारता येते. पुढे ते कठीण होत जाते. दुसरा डोळा काम भागवीत असल्याने घरात हा दोष लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे.

पहिली तपासणी तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान, दुसरी शाळाप्रवेशावेळी आणि त्यानंतर दरवर्षी करावी. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी चित्रांचा तक्ता असतो. मूल डोळे बारीक करून पाहत असेल, मान तिरकी करीत असेल, पुस्तक नाकाशी धरीत असेल, अथवा दिवाळ्याच्या धक्क्यावर इतर मुलांना ओळखू येणारी घरची होडी त्याला ओळखता येत नसेल, तर वार्षिक तपासणीची वाट पाहू नये. बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. तेव्हा पालघर आणि दिवाळे एकाच ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा आरोग्यतपासणी होते; तीत दृष्टिदोषही पाहिले जातात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि मिळालेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नये.

तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतः केल्याची नोंद महावग्गात आहे. तेथे आईवडील नाहीत, तेव्हा एकमेकांची काळजी भिक्खूंनीच घ्यावी, अशी शिकवण त्यांनी दिली. निवासी शाळेत आईवडिलांची जागा आपण घेतलेली आहे. बाबासाहेबांचा शिक्षणाचा संदेश मुलांपर्यंत पोहोचवायचा असेल, तर त्यांना आधी फळा स्पष्ट दिसला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!