तारलीचे स्थानांतर व शेतकऱ्यास बोध

पिंपळगाव रेणुकाईचा मिरची-उत्पादक समुद्रापासून दूर असला, तरी पावसाचे बाष्प नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून आणतात. हा समुद्र तापत असल्याची साक्ष मासळी देते. प्रत्येक जातीचे क्षेत्र पाण्याचे उष्णतामान व खाद्य यांवर ठरते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, कोची, हिच्या अभ्यासानुसार १९८५ पूर्वी तारली मुख्यत्वे मलबार किनाऱ्यालगत सापडे. पुढे ती उत्तरेकडे व पूर्व किनाऱ्यावरही पसरली. बांगडा अधिक खोल, थंड पाण्यात उतरू लागला. मासळीस जागा बदलता येते. लावलेल्या रोपास येत नाही. म्हणून ग्रामसेवकाने पर्जन्यमापकावरील नोंद रोज ठेवावी आणि शेतकऱ्याने वाण व लागवडीची वेळ त्या नोंदी पाहून ठरवावी.