स्नूक गरवायला जाताय? आधी हिशेब बघा

फ्लोरिडात मुलांकडे गेलेल्या अलिबाग-पेणकडच्या माणसाने टँपाच्या खाडीत स्नूक पाहिला की तो म्हणणारच, ‘अरे, हा तर जिताडा!’ ठेवण मिळतीजुळती आहे खरी. उतरतं कपाळ, पुढे आलेला खालचा जबडा, शिवाय खाडीची आणि कांदळवनाची ओढ. पण स्नूकच्या अंगावर थेट शेपटीच्या टोकापर्यंत काळी रेघ जाते. ओळख तीच. कल्ल्याच्या झाकणाला मात्र बोट लावू नका. त्याची कड दोरसुद्धा कापते.

आता पैशांचं. पाहुण्याला समुद्री मासेमारीचा परवाना तीन दिवसांसाठी १७ डॉलर, सात दिवसांसाठी ३०, वर्षासाठी ४७. स्नूकचं परमिट वेगळं, १० डॉलर. म्हणजे आठवडाभराचे ४०, ऑनलाइन काढलात तर वर थोडं शुल्क. पासष्टीपुढच्यांना माफी आहे, पण ती तिथल्या रहिवाशांना. व्हिसावर गेलेल्या आजोबांना नाही. सोळाच्या आतल्या नातवाला काहीच लागत नाही. कप्तानासकट बोट ठरवली तर तुमचा परवाना त्याच्या परवान्यात येतो, पण अर्ध्या दिवसाला काही शे डॉलर जातात, वर टिप. परवाना असलेल्या फिशिंग पिअरवरही वेगळा परवाना लागत नाही. नुसती हौस असेल तर मी पिअरच सुचवेन.

कारण पैसे भरले म्हणून मासा घरी येतोच असं नाही. टँपाकडे २८ ते ३३ इंच, अटलांटिक किनाऱ्यावर २८ ते ३२, आणि माणशी दिवसाला एकच. मोजायचा तो आडवा ठेवून, तोंड मिटवून, शेपटी चिमटून. अर्धा इंच जास्त भरला तरी परत पाण्यात! स्नूक सुरुवातीला नर असतो, पुढे त्यातले बरेच मादी होतात. थोराड मासा बहुधा अंडी घालणारी मादीच. (जिताड्याचंही तसंच.) शिवाय टँपाकडे तो ठेवता येतो मार्च-एप्रिलमध्ये आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. एरवी गळाला लागला तर सोडायचा. हे नियम बदलत असतात, तेव्हा जाण्याआधी राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ कमिशनचं संकेतस्थळ उघडाच.

जाळं चालत नाही, गळच हवा. बोटीवर तुकड्या पाडायच्या नाहीत. डोक्या-शेपटीसकट अख्खा किनाऱ्यावर आणायचा. विकायचा तर मुळीच नाही, ते १९५७ पासून बंद आहे. आणि तळण्याआधी साल काढा. तिला साबणाची चव येते, आल्या-लसणाच्या वाटणानेही ती जात नाही.