मोहरांची वही: नव्या डीएमला आत्याचे कानमंत्र

राजा, शनिवारपासून तू डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे डी अँड डीच्या टेबलावर डीएम म्हणून खेळ चालवायला बसणार, असं तुझ्या आईकडून कळलं. गॉब्लिन कसे लढवायचे ते पुस्तकात आहे, नकाशे तू माझ्यापेक्षा बरे काढतोस. मी फक्त पैशाबद्दल सांगते. राक्षसाने मारलं म्हणून फुटलेला गट माझ्या पाहण्यात नाही, पण दोराच्या किमतीवरून आठवडाभर अबोला धरलेले बघितलेत. एकाला सगळं अस्सल हवं असतं, पै-पैचा हिशोब, दुसरा म्हणतो, "जाऊ दे ना, लिही एक हजार." ऐकायचं दोघांचंही, फक्त एकाच वेळी नाही.

१. पैसा मोजायचा तो निवड करायची वेळ आली की — दोर घ्यावा की औषध, असा पेच ज्या नाण्याने पडतो तेवढंच नाणं खरं, बाकीची नुसती बेरीज. जिथे पेच, तिथे पैसा.

२. काय मोजणार आणि काय सोडून देणार ते पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाक — मधेच काढलेला नियम हा नियम वाटत नाही, शिक्षा वाटते.

३. जेवण, मुक्काम, बिअरचे मग एकेक करून लिहू नकोस. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये राहणीमानाचा दर आहे, साध्या राहणीला दिवसाला १ सोन्याचं नाणं. तो आठवड्याचा एकदम कापून घे — पै मोजता मोजता ड्रॅगन म्हातारा होतो.

४. वहीला एक खजिनदार नेम, आणि तो तू नसावास — डीएमने पैसे धरले की प्रत्येक चूक कट वाटते.

५. हिशोब सेशनच्या सुरुवातीला मांडायला लाव, शेवटी नाही — शेवटी प्रत्येकाचं लक्ष चपला आणि शेवटची लोकल यांच्यात असतं.

६. अख्खं दरपत्रक पाठ करू नकोस, एकच आकडा धर: बिनकसबी मजुराची दिवसाची मजुरी २ चांदीची नाणी — उरलेलं सगळं त्यावरून बोलता येतं.

याच्यावर जरा थांब, कारण सगळी गंमत इथे आहे. पाचव्या आवृत्तीत १० तांब्याची नाणी म्हणजे १ चांदीचं, आणि १० चांदीची म्हणजे १ सोन्याचं. कोंबडी २ तांब्याला, शेळी १ सोन्याला, गाय १० ला. म्हणजे शेळी ही पाच दिवसांची मजुरी आणि गाय पन्नास दिवसांची. एवढं जगाशी जुळतं. आता पुढे बघ. जखम भरणारी औषधाची बाटली ५० सोन्याची, म्हणजे मजुराचे अडीचशे दिवस. प्लेट आर्मर १,५०० चं, म्हणजे साडेसात हजार दिवस, रोज काम मिळालं तरी वीस वर्षं. तुझा फायटर असली वीस वर्षं अंगावर घालून खानावळीत शिरतो आणि भांडी घासणाऱ्या पोराला ऐटीत एक सोन्याचं नाणं फेकतो. त्या पोराने काय करावं? निदान हातातली भांडी तरी खाली ठेवू दे. त्या रात्री त्याच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि गावच्या चोराला ही बातमी कळलेली असेल. एवढं केलंस की अस्सलपणा आला, आणि वहीत एक ओळही वाढली नाही.

७. दरपत्रकातल्या विसंगती दुरुस्त करत बसू नकोस — तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी शिडी ५ तांब्याला होती आणि दहा फुटी काठी २ चांदीला. शिडी मोडून दोन काठ्या विकण्याचा धंदा जगभरच्या टेबलांवर काढून झालाय. तुझ्याकडेही कोणी काढेल. मनापासून हस आणि सांग, या गावात काठ्यांना गिऱ्हाईक नाही.

८. "एवढं महाग का?" असं कोणी विचारलं तर तयार उत्तर आहे — १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये या खेळाच्या एका जनकाने, गॅरी गायगॅक्सनेच लिहून ठेवलंय की ही गावं सोन्याची लाट आलेल्या अलास्कातल्या वस्त्यांसारखी समजा, जिथे एकेक अंडं डॉलरला जायचं. साहसवीर जिथे जातात तिथे भाव त्यांच्याच पैशाने चढलेले असतात.

९. खिशातल्या नाण्यांचं वजन विसर, खजिन्याचं मात्र विसरू नकोस — वीस नाण्यांनी कोणाचा निर्णय बदलत नाही, वीस हजारांनी बदलतो.

हे आकड्यांतच दाखवते. पाचव्या आवृत्तीत ५० नाणी म्हणजे एक पौंड. (जुन्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीत दहाच नाण्यांचा पौंड व्हायचा, म्हणजे एकेक नाणं पंचेचाळीस ग्रॅमचं, आमच्या वेळच्या थैल्या कशा फाटत नसतील!) आता २०१४ च्या नियमांप्रमाणे प्रौढ लाल ड्रॅगनच्या दर्जाचा साठा घे. फासे सरासरी पडले तर ४२,००० सोन्याची आणि २८,००० प्लॅटिनमची नाणी येतात. एकूण वजन १,४०० पौंड, सहाशे किलोच्या वर. बॅग ऑफ होल्डिंगमध्ये मावतात ५०० पौंड, म्हणजे २५,००० नाणी. खेचर ८ सोन्याला मिळतं आणि ४२० पौंड वाहतं, पण ते ड्रॅगनच्या गुहेत उतरायला तयार व्हायला हवं ना. एक प्लॅटिनम म्हणजे दहा सोनं, हे तुझ्या विझर्डच्या लक्षात आलं की तो पिशवी प्लॅटिनमने भरेल. मग उरलेलं सोनं तिथेच ठेवायचं की दुसरी खेप करायची? राखणीला कोण थांबणार? धूर निघायचा बंद झालाय, हे दरीतल्या लोकांना दिसलं असेल का? बघ, एका वजनाच्या नियमातून पुढचं अख्खं सेशन निघालं. आणि हाच नियम दर गॉब्लिनच्या खिशाला लावलास तर निघते फक्त जांभई.

१०. लहान गावात सोन्याचं नाणं मोडू देऊ नकोस — कोंबड्या विकणाऱ्या म्हातारीकडे ९८ तांब्याची नाणी कुठून येणार? ड्रॅगन मरतो, मोड मिळत नाही. पण हे एकदाच कर; दुसऱ्यांदा केलंस तर ते गाव राहत नाही, बसचा कंडक्टर होतो.

११. दुकानदाराकडेही मोजकेच पैसे असू दे — स्कायरिम या व्हिडिओगेममध्ये तसंच आहे, म्हणून तिथे लूट विकायला गावोगाव हिंडावं लागतं. शस्त्रं अर्ध्या भावात जातात हे पुस्तकातच आहे, पण रत्नं आणि कलावस्तू पूर्ण भावाने चालतात हेही सांगून ठेव, म्हणजे लोक गंजक्या तलवारी आपणहून टाकून देतील.

१२. फुकटात पैसे काढायची वाट सापडली तर रागावू नकोस, गोष्टीतच बुजव — द विचर ३ मध्ये लोक व्हाइट ऑर्चर्डच्या कुरणात गायी मारून कातडी विकत सुटले होते, तेव्हा तो व्हिडिओगेम बनवणाऱ्या कंपनीने अपडेटमधून तिथे गायींचा कैवारी म्हणून चोर्ट नावाचा दांडगा राक्षस सोडला. नियमाच्या पुस्तकात एक शब्द न घालता प्रश्न मिटला आणि वर हसू झालं.

१३. चलनं अनेक ठेवायचीच असतील तर दोनच ठेव, आणि बदलायला एकच जागा — त्याच खेळात नॉव्हिग्राडला विवाल्डीची पेढी आहे, तिथे जाऊन ओरेन आणि फ्लोरेन यांचे क्राउन करून घ्यायचे, काम खलास. एवढ्याने परमुलखात आल्यासारखं वाटतं आणि गणिताचा तास होत नाही.

१४. वॉरहॅमरमधला १ क्राउन म्हणजे २० शिलिंग म्हणजे २४० पेन्स हा हिशोब आवडणाऱ्यांनाच वाढ — इंग्लंडने १९७१ पर्यंत तो खऱ्या खिशात वागवला. आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाला सोळा आणे आणि चौसष्ट पैसेच होते, आणि तुझ्या पणजीला ते तोंडपाठ होते. पण ती भाजी घेत होती, फावल्या वेळात खेळत नव्हती.

१५. इलेक्ट्रम हे नाणं कोणी मोजत नाही, म्हणून तेच खुणेला वापर — सोन्या-चांदीच्या मिश्रणाचं ते नाणं बुडालेल्या राज्यांचं, असं पुस्तकच म्हणतं, आणि बाजारात ते काढलं की लोक संशयाने बघतात. एका नाण्यात पैसा, इतिहास आणि पुढच्या थडग्याचा पत्ता, तिन्ही बसतं.

१६. आपल्या मुलखासारखं जग रचणार असशील तर सराफ आण — पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे नाना रुपये चालत, सराफ नाणं पारखून बट्टा कापत आणि मोठी रक्कम हुंडीने जाई. लुटारूंना हुंडीचा कागद मिळाला तर त्याचं करायचं काय, हा प्रश्न तलवारीपेक्षा रंगतो.

१७. खजिना गावात ओतला म्हणून सगळ्या किमती वाढवू नकोस, एकच वस्तू महाग कर — मालीचा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजच्या वाटेवर कैरोत थांबला आणि त्याने एवढं सोनं वाटलं की सोन्याचा भाव पडला. बारा वर्षांनीही तो सावरला नव्हता, असं इतिहासकार अल-उमरीने लिहून ठेवलंय. हे खरंच आहे, पण तुझ्या टेबलावर घोडे तिप्पट महाग झाले की मुद्दा पोचतो. मिठापासून मेणबत्तीपर्यंत नवे दर काढायला तुला पगार नाही.

१८. घासाघिशीला फासा एकदाच टाकू दे, आणि सूट किती मिळू शकते ते आधी बोल — नाहीतर बार्ड तासभर भाव करतो आणि बाकीचे फोन काढतात.

१९. चोराकरवी थैली मारून पैसे कमी करू नकोस — एकदा मारलीस की पुढे प्रत्येक भिकाऱ्याकडे तलवार रोखून बोलणं होतं. त्यापेक्षा कर्ज दे. लुटलेला माणूस डीएमवर चिडतो, कर्ज काढलेला सावकारावर.

२०. बक्षीस देणाऱ्याकडे जे असेल तेच त्याला देऊ दे — शेतकऱ्याकडे ५०० सोन्याची नाणी असती तर त्याने सैनिक ठेवले असते. त्याच्याकडे शेळी आहे, डोंगरातली आडवाट ठाऊक आहे, आणि बहिणीच्या घरी पाहुणचाराची सोय आहे.

२१. मेलेल्याला उठवायला लागणारा ३०० सोन्याचा हिरा वहीत वेगळ्या ओळीवर लिहायला लाव — मित्र पडलेला असतो, नियमाप्रमाणे मिनिटभराचा अवधी असतो आणि "हिरा होता ना आपल्याकडे?" यावर जन्माची भांडणं होतात. आणि तो हिरा कोणी घासाघीस करून २५० ला आणला तर तो चालेल का, हे आजच ठरव. मी चालवते.

२२. गटाला हिशोबच नको असेल तर खेळ बदल, नियम मोडत बसू नकोस — ब्लेड्स इन द डार्कमध्ये एक कॉइन म्हणजे चांदीने भरलेली थैली, साधारण आठवड्याची कमाई. जवळ चारच बाळगता येतात, वरचे साठवणीत टाकायचे आणि परत काढायचे तर दोनाला एक. नाणी मोजावी लागत नाहीत, तरी हात आवरावा लागतो.

आता जुन्या लोकांकडून ऐकशील की आमच्या वेळी पैशाला किंमत होती. यात म्हातारपण थोडं आहे, पण खरंही आहे. १९७४ च्या मूळ नियमांत एक सोन्याचं नाणं गावात आणलं की एक अनुभवगुण मिळायचा. राक्षस मारण्यापेक्षा त्याला चुकवून खजिना पळवणं शहाणपणाचं होतं. पुढे ॲडव्हान्स्ड डी अँड डीत वरच्या पायरीवर जायला शिक्षण घ्यावं लागायचं आणि त्याला आठवड्याला पायरीगणिक १,५०० नाणी मोजावी लागायची, त्यामुळे ड्रॅगन मारून आलेलाही कडकीत असायचा. तो सोन्याचा अनुभव पुढे गेला, शिक्षणाचा खर्च गेला, खजिने मात्र तसेच राहिले. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकांत जादूच्या वस्तूंना पक्के दर नव्हते, नुसते पल्ले होते. मग प्लेट आर्मर घेऊन झालं की पैशाला कामच उरत नाही आणि पोरं चाळीस हजार नाणी वहीत नुसती वागवतात. तिथे तुला काम काढावं लागेल.

२३. म्हणून खर्चाची जागा लवकर दाखव, पहिल्या मोठ्या लुटीच्या आधी — हवं ते आधी दिसलं तर पैसा साठवण्यात चव येते. शिडाचं जहाज १०,००० ला आहे. छोटा किल्ला ५०,००० ला, आणि बांधायला ४०० दिवस. कोणी किल्ला काढलाच तर चुन्याचा, गवंड्याचा हिशोब मागू नकोस. दर महिन्याला एक अडचण सांग, एक पाहुणा पाठव, आणि खजिनदाराला म्हणावं, दोनशेपानी वही आण.