कर्नाळ्याच्या सहलीचा बेत कसा आखावा?



सुट्टी लागली की घरोघरी एकच गलका, "कुठेतरी जाऊ या ना!" पण सहल आधी कागदावर करावी, मग पायांनी. ती कशी करायची, ते एका उदाहरणाने पाहू. भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर राहणारे एक घर समजा. आई, बाबा, आजी, चौथीतली ताई आणि चार वर्षांचा बाळ्या अशी पाच माणसे. त्यांना पक्षी पाहायला कर्नाळ्याला जायचे आहे.

१. ठिकाणाची माहिती

कर्नाळा पक्षी अभयारण्य रायगड जिल्ह्यात (पूर्वीचा कुलाबा) पनवेलच्या पुढे सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा रस्त्याला लागूनच आहे. ते १९६८ साली झाले. तेव्हा क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आत होते. पुढे ते वाढून सुमारे १२ चौरस किलोमीटर झाले. मधोमध कर्नाळा किल्ला आहे. त्याचा सुळका लांबून अंगठ्यासारखा दिसतो.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. पक्ष्यांच्या बागेत पिंजरा असतो, म्हणून पक्षी हमखास दिसतो. अभयारण्यात पक्षी मोकळा असतो. "तिकीट काढलंय, आता मोर दाखवा" असे तिथे चालत नाही. पाखरे आपल्या वेळेला येत नाहीत, आपणच त्यांच्या वेळेला जायचे असते. सगळा बेत या एका गोष्टीवर बसवायचा.

२. केव्हा जावे?

पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात. तेव्हा दूरदेशीचे पाहुणे पक्षीही येतात. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा आणि १२ तारखेला डॉ. सालीम अलींचा जन्मदिवस. याच सालीम अलींनी १९३० साली रायगडातल्याच किहीम गावी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता.

दिवसातली उत्तम वेळ म्हणजे सूर्य उगवल्यापासूनचे दोन-तीन तास. रात्रभर उपाशी असलेले पक्षी तेव्हा चारा शोधत हिंडतात. ऊन चढले की पानांत गप्प बसतात.

३. वेळेचे उलटे गणित

निघायची वेळ आधी ठरवू नका. पोचायची वेळ धरा आणि मागे मागे या.

कर्नाळ्याला पोचणे : सकाळी ८.००
पनवेलहून एस.टी., वाट पाहणे धरून १ तास : ७.००
अंधेरी ते पनवेल लोकल, सुमारे पावणेदोन तास : ५.१५
भाईंदर ते अंधेरी, गाडी बदलणे धरून १ तास : ४.१५
घर ते स्टेशन, १५ मिनिटे : पहाटे ४.००

म्हणजे आईला तीनला उठावे लागणार! आजीचे गुडघे आणि बाळ्याची झोप यांचा विचार केला तर हा बेत बरा नाही. मग काय करावे? पनवेलला नातेवाईक असतील तर आदल्या रात्री मुक्कामाला जावे. नाहीतर शेजारच्या घराला सोबत घेऊन दोघांत एक गाडी ठरवावी. घोडबंदर रस्त्याने ठाण्यावरून पहाटे सुमारे दोन तास लागतात, म्हणून सहाला निघून भागते. एस.टी.ने जायचे तर पेणकडे जाणारी साधी गाडी धरावी आणि "कर्नाळ्याला थांबते ना?" असे कंडक्टरला विचारूनच चढावे.

४. सामान आणि खर्च

माणशी दोन लिटर पाणी धरले तर पाच जणांचे दहा लिटर, म्हणजे दहा किलो ओझे. ते वाटून घ्यावे. दशम्या, चटणी, चिक्की असा कोरडा खाऊ डब्यात न्यावा. माकडांपुढे डबा उघडू नये. कपडे हिरवे, मातकट रंगाचे. वही, पेन्सिल आणि असल्यास दुर्बीण घ्यावी. खर्चाचे चार रकाने करा : प्रवास, प्रवेश, खाणे आणि अडीअडचण. चौथा रकाना रिकामा ठेवू नका.

५. काय पाहाल?

हरियाल : आपला राज्यपक्षी. पाय पिवळे. वडा-उंबराच्या पानांत असा मिसळतो की हलल्याशिवाय कळत नाही.
तांबट : भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक्‌-टुक्‌ आवाज.
भृंगराज : काळा. शेपटीला तारेसारखी दोन लांब पिसे. दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, तेव्हा फसू नका.
स्वर्गीय नर्तक : मोठा नर पांढरा, शेपटी फितीसारखी.
तिबोटी खंड्या : रायगडचा जिल्हापक्षी. हा पावसाळ्यात घरट्यासाठी येतो, नोव्हेंबरात शोधून उपयोग नाही.

आजी आणि बाळ्याने हरियाल नावाची लहान वाट धरावी. मोरटाका वाट लांब आहे.

६. हे पाळाच

झाडाखाली दहा मिनिटे गप्प बसा. चालण्यापेक्षा बसण्याने जास्त पक्षी दिसतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. दुसरा पक्षी हद्दीत शिरला असे वाटून तो घरटे-पिल्ले सोडून धावतो. प्लास्टिक जंगलात टाकू नका.

किल्ल्याच्या सुळक्याला आग्या मधमाश्यांची पोळी असतात. धूर, गोंगाट, दगड किंवा अत्तराचा उग्र वास यांनी त्या उठतात आणि माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून पालकहो, लहान मुले बरोबर असताना किल्ला नको, खालची वाटच पुरे.

करून पाहा

१. सहलीआधी एका रविवारी सकाळी भाईंदरच्या मिठागरांकडे लांबून पाहा. गुलाबी, काडीसारख्या लांब पायांचा शेकाट्या दिसतो का? वहीत वेळ, जागा आणि संख्या लिहा.
२. तुमच्या घरात माणसे किती? पाणी किती किलो होईल?
३. तुमच्या घरून कर्नाळ्याला ८ वाजता पोचायचे तर केव्हा निघाल? उलटे गणित मांडा आणि आजीला दाखवा. तिला पटले तर बेत बरोबर!