लहान ट्रॅक्टर गाडीवर बांधण्याची रीत

बेगम बाजार व उस्मानगंज येथील व्यापाऱ्यास लॉरी भरण्याची विद्या नव्याने शिकवावयास नको. पोत्यांची थप्पी कशी रचावी, ताडपत्रीवरून दोर कसा आवळावा, हे आपले हमाल व मुकादम पिढ्यान् पिढ्या जाणत आले आहेत. तथापि काही सभासदांच्या घरी शेती आहे, काहींची मुले शेतीयंत्रांच्या धंद्यात उतरली आहेत, आणि पोत्यांची तीच रीत ट्रॅक्टरास लावण्याची चूक सर्रास होताना आम्ही पाहतो. यास्तव हे टिपण.

हैदराबादेहून ६५ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने सोलापूरकडे निघाले असता सुमारे शंभर किलोमीटरांवर जहीराबाद लागते. तेथे महिंद्र कंपनीचा ट्रॅक्टरांचा कारखाना आहे. या कंपनीने १५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे ‘ओजा’ नावाची हलक्या ट्रॅक्टरांची मालिका जाहीर केली. ‘ओजस्’ या संस्कृत शब्दावरून हे नाव घेतले असून भारतासाठी २० ते ४० अश्वशक्तीचे नमुने ठेवले आहेत. असे लहान ट्रॅक्टर फळबागेत व अरुंद ओळींत सोयीचे पडतात. ते एका गावाहून दुसऱ्या गावी ट्रेलरवर नेण्याचा प्रसंगही वारंवार येतो.

आता मुख्य भेद ध्यानात घ्यावा. धान्याचे पोते बसते, दबते आणि शेजारच्या पोत्यास धरून राहते. ट्रॅक्टर मात्र चाकांवर उभा असतो, आणि चाक हे फिरण्यासाठीच घडविलेले आहे. शिवाय रबरी टायरांत हवा असते. खड्ड्यात गाडी आदळली की टायर दबतो, त्या क्षणी दोर सैल पडतो, आणि सैल दोरास पुढचा हिसका दुप्पट जाचतो. नायलॉनचा दोर तर मुळातच ताणला जातो. म्हणून तो ताडपत्रीस योग्य, ट्रॅक्टरास नव्हे.

हिशेब करून पाहू. समजा, ट्रॅक्टरचे वजन १,००० किलो आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. एकाएकी म्हैस आडवी येते व चालक २० मीटरांत गाडी थांबवितो. गाडी थांबते, परंतु ट्रॅक्टर वजनाच्या सुमारे सात-दशांश, म्हणजे ७०० किलोच्या जोराने पुढे ओढ घेतो. पन्नास किलोची चौदा पोती एकदम चालकाच्या पाठीकडे धावल्यासारखेच हे होय. वेग दुप्पट झाला व थांबण्याचे अंतर तेवढेच राहिले, तर हा जोर चौपट होतो. ऑस्ट्रेलियातील नियमांत बांधणीने पुढील दिशेस मालाच्या वजनाच्या आठ-दशांश आणि मागे व दोन्ही बाजूंस पाच-दशांश जोर सोसावा, असे ठरविले आहे. आपणही तेच माप धरावे.

चढविताना ट्रेलर ओढणाऱ्या गाडीस जोडलेलाच असावा. नाही तर ट्रॅक्टर मागच्या कडेवर येताच ट्रेलरचे तोंड वर उचलले जाते. रॅम्पच्या मागे वा बाजूस कोणी उभे राहू नये. ट्रॅक्टर फार मागे ठेवला तर ट्रेलर रस्त्यावर हेलकावे घेतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडेल, अशी जागा साधावी. मग इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा, किल्ली काढावी, मागील अवजार तळाला टेकवावे आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

बांधणीस चार स्वतंत्र साखळ्या घ्याव्यात. दोन पुढे, दोन मागे, चारही कोपऱ्यांकडे तिरक्या. साखळी ट्रॅक्टरच्या सांगाड्यास वा कंपनीने दाखविलेल्या जागी अडकवावी. स्टिअरिंगचा दांडा, मडगार्ड व ब्रेकच्या नळ्या यांना तिचा स्पर्शही नको. ब्रेक लागतो तेव्हा मागच्या दोन साखळ्याच ट्रॅक्टरास धरून ठेवतात. साखळी ४५ अंशांत खाली व ४५ अंशांत बाहेर झुकलेली असेल, तर तिच्या ताणाचा अर्धाच भाग गाडीच्या लांबीच्या दिशेस उपयोगी पडतो. म्हणून ८०० किलोचा जोर दोघींनी अडवावयाचा, तर प्रत्येकीवर ८०० किलोचा ताण येतो. तेव्हा एक टनाहून अधिक सुरक्षित भार छापलेलीच साखळी घ्यावी. हूक, ताणण्याचा स्क्रू व ट्रेलरची कडी यांपैकी जे सर्वांत दुबळे, तेच साऱ्या बांधणीचे बळ समजावे. अवजार वेगळे बांधावे, बॉनेट पक्के लावावे आणि उभ्या सायलेन्सरचे तोंड झाकावे. इंजिनास टर्बो असेल तर वाऱ्याने तो तेलाविना फिरून झिजतो.

निघाल्यावर काही किलोमीटरांवर थांबून साखळ्या पुन्हा ताणाव्यात. अमेरिकेतील व्यापारी मालगाड्यांच्या नियमांत पहिल्या ८० किलोमीटरांच्या आत पुन्हा तपासणी सांगितली आहे. आपल्या रस्त्यांस ती त्याहूनही लवकर हवी. माल गाडीच्या बाजूंबाहेर गेला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. पण दंड ही लहान गोष्ट होय.

विमा ट्रॅक्टरची किंमत भरून देईल. चालकाच्या घरचा कर्ता पुरुष परत आणून देणार नाही. आणि मागून येणाऱ्या दुचाकीवरील कुटुंबाचा तर आपल्या व्यवहाराशी काडीचाही संबंध नसतो. भाडे ठरविताना आपण पै-पैचा हिशेब घालतो. त्यात चार साखळ्यांचा खर्च व निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे आरंभीच धरावीत, आणि मालक गोदामात असो वा नसो, बांधणी तपासल्यावाचून गाडी फाटकाबाहेर सोडू नये, एवढा नियम प्रत्येक पेढीने घालून घ्यावा.