पूर्वजाच्या पलटणीचा शोध

गेल्या पावसाळ्यात नववीच्या इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने रुमालात गुंडाळून एक चांदीचे पदक आणले. पदक त्याच्या खापरपणजोबांचे. "गुरुजी, त्यांना बसऱ्याला तुर्कांनी धरले आणि ते तिकडेच वारले," एवढीच माहिती त्याच्या घरी होती. सातारा जिल्ह्यातील त्याच्या गावी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसविलेली आहे. 1914 सालच्या महायुद्धास गावातून किती जण गेले व त्यांतले किती कामी आले, हे आकडे तीवर आहेत, नावे नाहीत. अशा पाट्या देशावर आणि कोकणात पुष्कळ गावी पाहावयास मिळतात. मृत्यूची तिथी ठाऊक नसल्यामुळे त्या घरी या शिपायाचे पान शंभर वर्षे सर्वपित्री अमावास्येला वाढले जात आहे.

मी मुलास विचारले, "बसरा तुर्कांच्या हाती केव्हा होते?" इंग्रज सरकारच्या फौजेने 22 नोव्हेंबर 1914 रोजी बसरा घेतले, त्यानंतर युद्ध संपेपर्यंत ते तुर्कांस परत मिळाले नाही. मग आपला शिपाई बसऱ्यात तुर्कांच्या हाती सापडेल कसा? वर्गात शांतता पसरली. मुलाचा चेहरा उतरला, कारण घरची गोष्ट खोटी ठरते की काय, असे त्यास वाटले असावे. गोष्ट खोटी नव्हती, हे पुढे दिसेलच.

असल्या शोधात पहिला धागा म्हणजे पलटणीचा क्रमांक होय. तो पदकाच्या तोंडावर सापडत नाही. तेथे एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आहे. क्रमांक असतो पदकाच्या कडेवर. भिंगातून पाहिले तेव्हा त्या अरुंद कडेवर शिपायाचा अनुक्रमांक, हुद्दा, नाव आणि अखेरीस 110 हा आकडा व मराठा पलटणीचे संक्षिप्त नाव स्पष्ट उमटलेले दिसले. (पालकांस विनंती की, असे पदक सोनाराकडे उजळावयास देऊ नये, कडेवरील अक्षरे झिजली म्हणजे धागा तुटलाच.) कित्येक घरांत पदकाऐवजी ब्रिटानिया व सिंह यांचे चित्र असलेली काशाची मोठी वाटोळी तबकडी असते. ती मृतांच्या वारसांस दिलेली. तीवर केवळ नाव असते. मरणात लहानमोठा भेद नसावा म्हणून हुद्दा मुद्दामच घातलेला नाही. हेतू उदात्त खरा, परंतु शोध करणाऱ्यास पलटण तीवरून कळत नाही.

क्रमांक हाती आला तरी घाई करू नये. मुलाच्या वडिलांनी सांगितले होते की, "आमचे आजे तिसऱ्या पलटणीत होते, असे घरी म्हणतात." पदकावर तर 110! येथे फौजेचा इतिहास थोडा ठाऊक हवा. मुंबई इलाख्याच्या पलटणींच्या क्रमांकांत 1903 साली शंभर मिळविण्यात आले. म्हणून पूर्वीची तिसरी ती 103 झाली, दहावी ती 110 झाली आणि सतरावी ती 117. पुढे 1922 साली मराठा पलटणी एका रेजिमेंटात आणल्या, तेव्हा 103 ही पहिली बटालियन झाली आणि 110 ही तिसरी. म्हणजे 1903 पूर्वीच्या म्हाताऱ्याने 'तिसरी' म्हटले तर ती 103 आणि 1922 नंतरच्या माणसाने म्हटले तर ती 110! एकाच शब्दाने दोन निराळ्या पलटणी. या घरातील 'तिसरी' मागाहूनची होती. पदकाने तिचा निकाल लावला. हीच तिसरी बटालियन 1952 साली छत्रीधारी सैन्यात गेली. तेव्हा बेळगावच्या मराठा केंद्राकडे आजच्या क्रमांकाने चौकशी करणारा माणूस उगाच गोंधळात पडतो.

आता 110 ही पलटण कोठे होती ते पाहू. ती 6 व्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती. 103 आणि 117 याही तिच्याच सोबतीला. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर सरकली. सप्टेंबर 1915 च्या अखेरीस तिने कुत-अल-अमारा घेतले, आणि 22 नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे, जुन्या इराणी राजवाड्याच्या प्रचंड कमानीजवळ, मोठी लढाई झाली. हानी इतकी झाली की माघार घ्यावी लागली. 1 डिसेंबर रोजी वाटेत उम्म-अत-तुबुल येथे तुर्कांशी पुन्हा झटापट झाली. 3 डिसेंबरला थकलेली फौज कुतमध्ये शिरली आणि 7 तारखेपासून वेढा पडला. वेढा फोडण्यास खालून आलेल्या सैन्याची हजारो माणसे पडली, पण कुत सुटले नाही. 29 एप्रिल 1916 रोजी अन्न संपल्यामुळे सुमारे तेरा हजार माणसे, लढवय्ये व कामकरी मिळून, शरण गेली. त्यांतील बहुसंख्य आपल्या देशाची होती.

तेव्हा 110 पलटणीचा शिपाई तीन ठिकाणी कैद होऊ शकत होता: टेसिफॉनला, माघारीच्या वाटेवर किंवा कुतला. चौथीही एक शक्यता होती, ती म्हणजे तो कैद झालाच नसेल. आजारातून बरे झालेले आणि हिंदुस्थानातून नव्याने आलेले मराठे शिपाई एकत्र करून बाहेर एक मिश्र मराठा बटालियन उभारली होती, आणि ती वेढा फोडणाऱ्या सैन्यात लढली. तिच्यातील शिपायाच्या पदकावरही 103, 110 किंवा 117 हेच क्रमांक. केवळ क्रमांक पाहून 'आमचे पणजोबा कुतला होते' असे जे सांगतात, ते येथे चुकतात.

मी मुलास म्हटले, घरातील जुनी ट्रंक उघडून इंग्रजी अक्षर असेल तो प्रत्येक कागद आण. चार दिवसांनी त्याने जमिनीच्या पावत्यांमधून एक पिवळा कागद काढून आणला. शिपायाच्या विधवेस पलटणीच्या डेपोकडून आलेला तो. शंभर वर्षे तो घरात होता. घरात कोणासही इंग्रजी येत नव्हते तेव्हा बांधून ठेवला आणि इंग्रजी येऊ लागले तेव्हा कोणी सोडला नाही. त्यावर लिहिले होते की, सदर शिपाई तुर्कांचा युद्धकैदी असताना रास-अल-ऐन येथे मरण पावला. तारखेच्या ओळीस कसर लागली होती. साल 1916 एवढे वाचता आले.

रास-अल-ऐन हे पकडले जाण्याचे ठिकाण नव्हे, हे ध्यानात ठेवा. ते आजच्या सीरिया व तुर्कस्तान यांच्या सीमेवर आहे. तेथे त्या वेळी बगदादकडे येऊ घातलेल्या रेल्वेचे टोक होते आणि हिंदी कैद्यांस तिच्या कामाला जुंपले होते. कुतहून बगदाद, तेथून समारापर्यंत आगगाडीने, आणि पुढे तिक्रित, मोसुल, नुसैबिन अशी पायपीट करीत, उन्हाळ्यात, उपाशी, बहुतेकांच्या पायांत धड पादत्राण नाही, अशा स्थितीत ते तेथवर पोचले. जे वाटेत बसले ते बसलेच. युद्धकैद्याच्या आयुष्यात तीन ठिकाणे असतात: जेथे धरला, जेथे ठेवला आणि जेथे मेला. घरच्या गोष्टीत त्यांचे एक होऊन जाते. आणि या घरात तर त्या साऱ्या मुलखालाच 'बसरा' म्हणत, कारण आगबोटीतून उतरले ते गाव तेवढे ठाऊक!

कागदावरून चौथी शक्यता गेली. पण तिघांतील कोणती? हा निकाल आजीने लावला, आणि तोही नकळत. मी त्यांच्या घरी गेलो असता त्या हसत म्हणाल्या, "आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, गावचा एक जोडीदार सुटून आला, तो म्हणे, तिकडे सरकारची तार आली होती, घोडा खा म्हणून! आमच्या माणसानं काही खाल्ला नाही." घरातल्या मुलांना ही गंमत वाटे. मी मात्र खुर्चीत सावरून बसलो. कुतच्या वेढ्यात धान्य सरत आले तेव्हा घोडे कापावयास सुरुवात झाली. पुष्कळ हिंदी शिपाई ते मांस खावयास तयार होईनात. तेव्हा टाउनशेंड यांनी हिंदुस्थानातील धर्मपुढाऱ्यांची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागविली, आणि एप्रिलमध्ये पुष्कळांनी नाइलाजाने ते खाल्ले. टेसिफॉनला किंवा माघारीत जो धरला गेला, त्याजविषयी ही गोष्ट जोडीदारास सांगता आली नसती. ती कुतखेरीज दुसरीकडची असूच शकत नाही. खापरपणजोबा 29 एप्रिल 1916 रोजी कुत-अल-अमारा येथे कैद झाले. माणसे गावांची नावे विसरतात, पण घोड्याची तार विसरत नाहीत.

राहिली नोंद. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी मंडळाची सूची आता घरबसल्या विनामूल्य पाहता येते. नावावरून शोधाल तर फसाल. त्या वेळचे कारकून जाधवांच्या अखेरीस 'ओ' लिहीत आणि शिंद्यांचे 'सिंदे' करीत. अनुक्रमांक व पलटण ही जोडी धरून शोधावे. अनुक्रमांक एकटा पुरत नाही, कारण तो प्रत्येक पलटणीचा निराळा असे. आम्हांस नोंद सापडली, ती बसरा स्मारकाखाली. हे स्मारक ज्यांच्या समाधीचा पत्ता नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांचे आहे. इंग्रज शिपायांची नावे त्याच्या दगडावर कोरली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. परंतु हिंदी शिपायांची केवळ संख्या, पलटणीच्या नावाखाली. मंडळाच्याच चौकशी समितीने 2021 साली हा भेदभाव झाल्याचे मान्य केले आहे. गावच्या पाटीवर आकडा, तिकडच्या दगडावरही आकडा. नाव होते ते पदकाच्या कडेवर आणि ट्रंकेतल्या कागदावर.

ज्यांचे आजे-पणजे दुसऱ्या महायुद्धात होते, त्यांनीही हीच वाट धरावी. पाचव्या मराठ्यांची दुसरी बटालियन 21 जून 1942 रोजी तोब्रुक पडले तेव्हा तेथेच सापडली. पण अशा घरी इटलीतील छावणीचे नाव ऐकू येते आणि आजोबांस इटलीत धरले असे समजले जाते. जिनीव्हाच्या रेडक्रॉसकडे दोन्ही युद्धांतील कैद्यांच्या नोंदी आहेत, आणि पहिल्या युद्धाच्या नोंदी 2014 पासून सर्वांस खुल्या आहेत.

सूचीत मृत्यूची तारीखही मिळाली. ती मी आजींना सांगितली, आणि हेही सांगितले की अशी तारीख पुष्कळदा कचेरीने अंदाजाने धरलेली असते. त्यांनी थोडा विचार केला व म्हणाल्या, पान अमावास्येलाच राहू द्या. मग त्यांनी विचारले, "त्या गावी पाणी तरी होतं का हो?" रास-अल-ऐन या अरबी नावाचा अर्थ झऱ्याचे उगमस्थान असा आहे, तेवढे मला ठाऊक होते, ते मी त्यांना सांगितले.